शेवटच्या खुर्चीसमोरचा घास

"तो आत्ताच येऊन गेला," फोनवर म्हातारीचा आवाज होता. "लवकर या. भात अजून गरम आहे."

निरीक्षकबाईंनी हातातला चहा खाली ठेवला. भर दुपार होती आणि ठाण्यातले पंखे नुसतेच फिरत होते.

"कोण आलं होतं, आई?"

"माझा धाकटा. तुम्ही ज्याला शोधताय तो."

फोन बंद झाला.

धाकट्याची फाइल बाईंना जवळपास पाठ होती. बेपत्ता होऊन तीन आठवडे उलटले होते. बंदराच्या धक्क्यावर त्याची स्कूटर सापडली होती. किल्ली तिलाच लटकलेली, उजवा आरसा फुटलेला आणि उजवी बाजू खरचटलेली. पाणबुड्यांच्या हाती काही लागलं नाही. वरिष्ठांनी 'समुद्रात बुडाला असावा' असा शेरा मारून टाकला होता. बाईंनी मात्र फाइल बंद केली नव्हती. बारीकसारीक काही सुटू देत नाहीत म्हणून ठाण्यात त्यांना पाठीमागे 'चाळणी' म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

"चला हवालदार."

"जेवून निघालो तर चालेल का, मॅडम? तिथे कच्चा मासा देतात म्हणे. कच्चाच खायचा तर माणसाने विस्तव शोधला कशाला?"

बाईंनी टोपी उचलली.

सुशीचं ते हॉटेल एका अरुंद गल्लीच्या टोकाला होतं. त्याला पाटी नव्हती. दारावर राखाडी कापडाचा पडदा तेवढा होता. खाली हॉटेल आणि वर राहतं घर. आत जागा मिळावी म्हणून लोक महिनाभर थांबत, आणि आत गेल्यावर देवळात आल्यासारखे हळू बोलत.

दारातच एका चिमुकल्या बाईने त्यांना अडवलं. चपळ होती, डोळे रडून सुजलेले. वाढण्याचं काम तिच्याकडे होतं. सगळे तिला चिमणी म्हणत.

"रागावू नका मॅडम, पण तुम्ही सेंट लावलंय."

"भाचीने दिलंय. मग?"

"आत चालत नाही. त्याने माशाचा वास मरतो. मोठे मालक भल्याभल्यांना दारातून परत पाठवतात. एकदा तर एका नव्या नवरीला पाठवलं होतं."

"मी जेवायला आलेली नाही."

"ते नाकाला कुठे कळतं?" म्हणत चिमणीने पडदा बाजूला केला.

आत गारवा होता. डोळ्यांत पाणी येईल इतका व्हिनेगरचा उग्र वास. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिकट लाकडाचा एकसंध ओटा होता. त्याच्या अलीकडे गिऱ्हाइकांच्या खुर्च्या, पलीकडे आचाऱ्याने उभं राहायची जागा. कुठेतरी फ्रिज घुमत होता. तो थांबला की शांतता अंगावर येई.

सगळ्यात टोकाच्या खुर्चीसमोर, नुसत्या लाकडावर, एकच घास ठेवलेला होता. बोटभर लांबीची भाताची मूठ आणि तिच्यावर माशाचा चंदेरी काप. शेजारी घडी केलेला ओला रुमाल.

खुर्ची रिकामी होती, पण कोणीतरी आत्ताच हात धुवायला उठून गेल्यासारखी जराशी मागे सरकवलेली.

बाईंनी भाताला बोटाचं टोक लावलं. भात अंगाइतका उबदार होता. त्यांनी बोट पटकन मागे घेतलं. आपल्याला असा झटका का बसला, हे त्यांना सांगता आलं नसतं.

"रोज असंच." म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. एका डोळ्यावर ऑपरेशननंतरचा हिरवा पडदा होता आणि मनगटं काडीसारखी झाली होती. "दुकान उघडायच्या आधी धाकटा त्या खुर्चीत बसून जेवायचा. आता घास ठेवून जातो."

"कोणी पाहिलंय त्याला?"

"पाहिलं असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

तिची सून, म्हणजे थोरल्याची बायको, मागून आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "भाऊजी गेल्यापासून सासूबाईंनी अन्न सोडलंय. तो सापडेपर्यंत शिवणार नाही म्हणतात. आम्ही हातापाया पडलो. पाचव्या दिवशी हा घास दिसला. तेवढा खाल्ला त्यांनी. तेव्हापासून दिवसाकाठी एवढंच खातात."

"थांबा, आई, तो पुरावा आहे," बाई म्हणाल्या.

म्हातारीने आधीच घास उचलला होता. हवालदाराला कसाबसा फोटो तेवढा काढता आला. तिने तो सावकाश चावला. तिच्या चेहऱ्यावर ना आनंद होता ना दुःख. अवघड गणित सोडवणाऱ्या माणसासारखा तो चेहरा होता.

"मासा शिळ्याकडे झुकलाय," गिळून ती म्हणाली. "धाकट्याने असला मासा घरात आणला नसता."

बाईंनी एकेकाला वेगळं घेतलं. चिमणी पहिली.

"हा घास कोणकोण बनवू शकतं?"

"मोठे मालक. वहिनींना येतो, पण त्यांना ओट्यामागे उभं राहू देत नाहीत. आणि मला. धाकटे मालक चोरून शिकवायचे." तिचे कान लाल झाले.

"दुपारी इथे कोण असतं?"

"साफसफाई झाली की कोणीच नाही. मी मागे भाज्या निवडते. वहिनी भात लावतात. मोठे मालक वर अंघोळीला जातात. कोणीही येऊ शकतं मॅडम. भूतसुद्धा."

"भुताने गरम भात कुठून आणला?"

"पातेलं स्वयंपाकघरातच असतं. त्यातून घेतलं तर कळत नाही." ती जरा थांबली. "पण भूतच आहे. घास उलटा असतो."

"म्हणजे?"

चिमणीने ओट्यावर बोटाने तिरकी रेघ ओढली. "उजव्या हाताने खाणाऱ्याला घास असा तिरका ठेवायचा, बोटांत सहज बसतो. डावखुऱ्याला बरोबर उलटा. मोठे मालक गिऱ्हाइकाला विचारत नाहीत. रुमाल कुठल्या हाताने घेतला ते बघतात, की त्यांचा हात आपोआप वळतो. झोपेतसुद्धा चुकणार नाहीत."

"आणि धाकटे मालक?"

"उजव्या हाताचे. पण हा घास रोज डाव्यासाठी ठेवलेला असतो. वहिनी म्हणतात, मेलेल्यांचं सगळं उलटं असतं."

बाईंनी हवालदाराच्या फोनमधला फोटो पाहिला. घास खरंच उलट्या बाजूला तिरका होता.

"तो नाहीसा झाला त्या दिवशी तू कुठे होतीस?"

"दुकान बंद असतं त्या दिवशी. मी परगावी होते, बहिणीच्या बाळंतपणात. दोन रात्री दवाखान्यातच बसून होते. इथे असते तर..."

सूनबाईचं उत्तर सरळ होतं. त्या दिवशी ती सासूला घेऊन डोळ्यांच्या इस्पितळात होती, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. ऑपरेशन तेव्हाच झालं होतं. सासूचा हात तिने क्षणभरही सोडला नव्हता.

थोरला मागच्या दगडी मोरीपाशी सुरीला धार लावत होता. उंच, शांत, हातांची नखं अगदी तळाशी कापलेली. बाई त्याच्या इतक्या जवळ उभ्या राहिल्या की त्याला कोपर आवरून घ्यावं लागलं.

"त्या दिवशी भावाला शेवटचं कधी पाहिलंत?"

"सकाळी. दुसऱ्या दिवशीचा मासा ठरवायला तो बाजारात गेला. परत आलाच नाही. जबाबात सांगितलंय मी."

"भांडण?"

"भाऊ आहोत. भांड्याला भांडं लागतंच."

"हा घास कोण ठेवतं?"

सुरी दगडावर एकसारखी फिरत राहिली. "आई खाते ना? मग कोणी का ठेवेना."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते," तो म्हणाला. बाईंना तो खरं बोलतोय असं वाटलं. मग त्याने मागे वळून हाक मारली, "चिमणे, भाताचं व्हिनेगर चाखून जा."

"हल्ली सगळं मलाच चाखायला लावतात," चिमणी पुटपुटत आली. बाईंजवळून जाताना तिने नाक मुरडलं. थोरल्याने मात्र एवढ्या वेळात तसं काहीच केलं नव्हतं.

परतताना हवालदार म्हणाला, "मॅडम, माझी आजी म्हणायची, तृप्त न होता गेलेला माणूस जेवणाच्या वेळेला येतो."

"येऊ दे. पण हाताची सवय मोडून कशाला येईल? तुम्ही उजवे. घास डाव्या हाताने कधी खाल?"

"खाणारच नाही." त्याने विचार केला. "उजवा मोडला तर खाईन."

बाई रस्त्यातच थांबल्या. "स्कूटरची कुठली बाजू खरचटलीय?"

हवालदाराच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "उजवी. आपण धरून चाललो की धक्क्यावर पडली असेल."

"आणि इस्पितळांत आपण काय विचारलं? बेवारस प्रेत आलं का, बेशुद्ध माणूस आला का. पायांनी चालत येऊन चालत गेलेल्या माणसाबद्दल कोणाला विचारलंच नाही. मासळी बाजारापासून या गल्लीपर्यंत हाडाचे जेवढे डॉक्टर असतील, तेवढे पालथे घाला."

हवालदाराला फार फिरावं लागलं नाही. बाजाराच्या मागच्याच रस्त्यावरच्या डॉक्टरांनी फोटो पाहताक्षणी ओळखला.

"सांडलेल्या बर्फावरून स्कूटर घसरली होती. उजवं मनगट मोडलं होतं, बोटांपर्यंत प्लास्टर घातलं. जाताना हसत होता. म्हणाला, आता भाऊ भरवेल."

"स्कूटर चालवत गेला?"

"कशी चालवणार? मूठ वळत नव्हती. आमच्या दारात ठेवून टॅक्सीने गेला. संध्याकाळी कोणीतरी किल्ली घेऊन आलं आणि घेऊन गेलं. हेल्मेट होतं, चेहरा दिसला नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई पुन्हा त्या पडद्यातून आत गेल्या. शेवटच्या खुर्चीसमोरचा घास म्हातारीने नुकताच खाल्ला होता. ओटा पुसलेला होता, तरी त्या जागी लाकूड ओलसर आणि काळपट दिसत होतं. हवालदाराचा उजवा हात गळ्यात अडकवलेला होता, बोटांपर्यंत पांढऱ्या पट्टीत.

"काय झालं?" सूनबाईने विचारलं.

"जिन्यावरून पाय घसरला," हवालदार तोंड पाडून म्हणाला. सोंग त्याला बरं जमत होतं.

"आज आम्हाला जेवू घाला," बाई थोरल्याला म्हणाल्या. "काल येऊन गेलो आणि चव काही पाहिली नाही. तुम्ही सगळे बसा इथेच."

थोरला आईकडे पाहू लागला.

"घाल," म्हातारी म्हणाली.

तो ओट्यामागे उभा राहिला. हात ओले केले, भात उचलला, काप ठेवला, दोन बोटांनी दाबलं. पहिला घास बाईंसमोर आला. दुसरा हवालदारासमोर.

चिमणीचंच लक्ष आधी गेलं आणि तिने सूनबाईचा दंड घट्ट धरला.

बाईंसमोरचा घास एका बाजूला तिरका होता, हवालदारासमोरचा बरोबर उलट.

"हवालदार उजव्या हाताचे आहेत," बाई म्हणाल्या. "पट्टी खोटी आहे, माफ करा. पण तुम्ही ती पाहिलीत आणि हात वळला. तुम्हाला कळलंसुद्धा नाही. हो ना?"

थोरल्याने घासाकडे पाहिलं, आणि मग स्वतःच्या हाताकडे, तो दुसऱ्याच कोणाचा असावा तसं.

"सवय आहे," तो म्हणाला.

"तेच म्हणतेय मी. त्या खुर्चीसमोर रोज घास ठेवणाऱ्यालाही हीच सवय आहे. त्याच्या डोळ्यांसमोर जो माणूस बसलेला असतो, त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. तुमच्या भावाचं मनगट त्या सकाळी बाजारात मोडलं. चिमणीला हे माहीत नव्हतं, ती परगावी होती. दवाखान्यातल्या नर्सशी मी बोलले. तुमच्या पत्नीला माहीत नव्हतं, त्या दिवसभर आईजवळ होत्या. इस्पितळाने तसं सांगितलंय. घरात एकटे तुम्ही होतात. तुम्ही सांगितलंत, तो परत आलाच नाही. मग ते प्लास्टर तुम्ही कधी पाहिलंत?"

फ्रिज थांबला.

"त्याने फोन केला असेल मला. आठवत नाही."

"फोनवर बोलला असता तर मनगट मोडल्याचं तुम्ही जबाबात सांगितलं असतं. आणि प्लास्टर घातलेला माणूस स्कूटर धक्क्यापर्यंत नेऊ शकत नाही. ती डॉक्टरांच्या दारातून संध्याकाळी कोणीतरी नेली. किल्ली धाकट्याच्या खिशात होती. ती कोणाच्या हाती लागली?"

"पण का?" सूनबाईला राहवलं नाही. "ते भावावर कधी हात उगारायचे नाहीत हो. लहानपणी त्याला कडेवर घेऊन फिरायचे, सासूबाई सांगतात."

"तुमच्या नवऱ्याला विचारा, मी कसलं सेंट लावलंय."

सूनबाई गोंधळली. "मोगऱ्याचं."

"चिमणीने मला दारात अडवलं. तुम्हालाही इथून कळतंय. हे नव्या नवरीला परत पाठवणारे गृहस्थ काल माझ्या खांद्याला खांदा लावून उभे होते, आज हातभर अंतरावर आहेत. एक अक्षर नाही. व्हिनेगर दुसऱ्याला चाखायला लावतात. आईसमोर शिळा मासा ठेवतात. मुद्दाम ठेवणार नाहीत, त्यांना तो शिळा आहे हे कळतच नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "वास कधी गेला तुमचा?"

थोरल्याने सुरी पुसली आणि पातं स्वतःकडे करून खाली ठेवली.

"वर्ष झालं," तो म्हणाला. "तापानंतर गेला तो आलाच नाही. फक्त त्याला माहीत होतं. मासा तो हुंगायचा, मी कापायचो. मला डोळ्याने खुणावायचा, गिऱ्हाइकाला कळायचं नाही. त्या दिवशी आला, हात गळ्यात. स्कूटर डॉक्टरांच्या दारात ठेवलीय म्हणाला. म्हणाला, भूक लागलीय. मी करून दिलं, वळवून ठेवलं. हसला. म्हणाला, दादा, आता महिनाभर मला बाजारात जाता येणार नाही. आज आईला सांगून टाकू. माणसं आजारी पडतील."

"मग?"

"ओट्यामागून मला उतरवायला निघाला होता. मी त्याला ढकललं. मोरीच्या कडेवर पडला."

"तिथेच गेला?"

थोरला ओल्या फडक्याने ओटा पुसू लागला.

"श्वास चालू होता?"

"होता." तो ओट्याकडे पाहत होता. "मी शेजारी बसलो. वाटलं, उठला तर सांगेल. मी बसूनच राहिलो. नंतर उठायचा प्रश्नच उरला नाही."

चिमणी भिंतीला पाठ घासत खाली बसली.

धाकटा कुठे आहे ते त्याने सांगितलं. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यामागे, खाडीच्या गाळात, माशांच्या पेटीत. सांगताना त्याने पेटीला बर्फ भरला होता तेही सांगितलं. ते कोणी विचारलं नव्हतं.

"आणि हे घास?" बाईंनी विचारलं. "गप्प राहिला असतात तर स्कूटरवरून काही सिद्ध झालं नसतं."

"आई मेली असती," तो म्हणाला. "माझ्या हातचं खात नव्हती. त्याचं म्हणून खाईल, असं वाटलं. रोज ठेवताना तो समोर बसलेला दिसायचा. हात गळ्यात, भुकेला. मी बघायचो नाही तिकडे. ठेवून पळायचो."

हवालदाराने पट्टी सोडली आणि बेड्या काढल्या. बाई म्हातारीपाशी जाऊन खाली बसल्या. ती रडत नव्हती. हिरव्या पडद्याखालून एकच थेंब नाकाच्या कडेने उतरला होता.

"तुम्हाला माहीत होतं, आई."

"दोघांना मीच भात दाबायला शिकवलं," म्हातारी म्हणाली. "थोरल्याचा अंगठा जड आहे. पहिल्याच घासाला कळलं कोणाचा हात आहे ते. वळवून का ठेवतो, तेवढं कळत नव्हतं. उगाच वळवणारा नाही तो."

"मग त्यालाच का नाही विचारलंत?"

"खोटं बोलला असता. आणि मी ते खरं धरलं असतं. आई आहे मी." तिने पदराने नाक पुसलं. "तुम्ही परक्या. म्हणून तुम्हाला हाक मारली."

पडद्यापाशी थोरला थांबला. मागे न वळता म्हणाला, "आई, जेवशील ना?"

पडदा हलला, पावलं गल्लीत गेली, गाडीचं दार लागलं. मग भिंतीचा आधार घेत ती उभी राहिली. सूनबाई धरायला धावली तेव्हा तिने तो हात बाजूला केला नाही.

"भात लाव," ती म्हणाली.

सूनबाईने डोळे पुसले आणि स्वयंपाकघराच्या दारात रोजच्यासारखं विचारलं, "किती जणांचा?"

विचारून झाल्यावर तिने तोंडावर हात ठेवला. म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. किती ते सांगायला तिला बराच वेळ लागला.